खादाड प्रोसेसर आणि वीतभर बोर्ड

ल्याओ सरांच्या जावयाला कंपनीच्या वर्षअखेरच्या मेजवानीत, सोडतीत, दुसरं काहीही लागलं असतं तरी चाललं असतं. भाताचा कुकर लागला असता, हवा कोरडी करायचं यंत्र लागलं असतं, तर ते मुकाट्याने सासूबाईंकडे गेलं असतं आणि पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याला लागला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तोही असा जबरदस्त, की खोक्यावरचं वर्णन वाचूनच माणसाला घाम फुटावा. जावयाकडे होता लॅपटॉप, आणि सुटा मेंदू घेऊन कुणी काय करणार? त्याने तो लाल कागदात गुंडाळला, सासऱ्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही मुलांना शिकवता ना, तुम्हाला उपयोगी पडेल."

सरांना गहिवरून आलं. मेंदू मिळाला म्हणजे अर्धा कॉम्प्युटर मिळालाच, उरला तो एक बोर्ड, म्हणजे हा मेंदू बसवून त्याला वीज पुरवणारी पाटी, असं त्यांना वाटलं. माणसाला असं वाटतं. घर बांधणाऱ्यालाही आधी असंच वाटतं, की जागा मिळाली, आता काय, भिंतीच तर उभ्या करायच्या.

उपयोग मात्र खरोखरच होता. तैपेईच्या वानहुआ भागात, सरांच्या गल्लीच्या तोंडाशी, भूमिदेवाचं एक छोटं देऊळ आहे. देवळाला लागून एक खोली. खोली कसली, देवाचा चौथराच पुढे वाढवून काढलेला कोपरा. गल्लीतल्या पोरांचे आईबाप दुकानं आणि गाड्या सांभाळण्यात गुंतलेले असत, म्हणून शाळा सुटली की पोरं या कोपऱ्यात जमत, आणि सर निवृत्त झाल्यापासून त्यांना तिथे गणितापासून पतंगापर्यंत सगळं शिकवत. गेलं वर्षभर ही मुलं कॉम्प्युटरवर एक चित्रपट तयार करत होती. कथा पेईयूची. ही पाचवीतली मुलगी, आवाज मात्र मुख्याध्यापकाचा. भूमिदेव आपली काठी नूडल्सच्या गाडीवर विसरतो आणि सगळी गल्ली ती शोधत फिरते, अशी ती कथा. देवाच्या वाढदिवशी देवळासमोर पडदा लावून हा चित्रपट दाखवायचा ठरला होता. दरवर्षी तिथे ट्रकवरून येणाऱ्या गायिकांचा कार्यक्रम होई. या वर्षी पोरांना संधी होती, पण एकच.

अडचण अशी, की देवळातला जुना कॉम्प्युटर चित्रपटातलं एकेक चित्र पक्कं करायला इतका वेळ घेई, की तेवढ्यात समोरच्या गाडीवर तेंग काकूंच्या मुळ्याच्या वड्या दोन्ही बाजूंनी खरपूस होत. चित्रं होती हजारो. या चालीने चित्रपट तयार झाला असता तो देवाच्या पुढच्या वाढदिवसाला.

म्हणून हा मेंदू म्हणजे देवच पावला. सर दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरच्या बाजारात, पांगबाईंच्या गाळ्यावर हजर झाले. पांगबाई बोलायला फटकळ आणि जेवताजेवता गिऱ्हाईक करणारी बाई. त्यांनी तोंडातला घास तोंडातच ठेवून प्रोसेसर उलटसुलट पाहिला.

"सर, हा कुठून पैदा केलात? हा जेवायला बसला की पंगत उठते, पण हा उठत नाही. वीज अशी पितो! याला वाढणारा बोर्डही तसाच दणकट लागतो. मोठाच घ्या."

सरांना ते ताबडतोब पटलं, कारण ते त्यांना मुलांना समजावून सांगता येण्यासारखं होतं. प्रोसेसर म्हणजे पाहुणा, बोर्ड म्हणजे वाढपी. पाहुणा खादाड असेल तर वाढपी धडधाकट हवा. पाचवीतल्या मुलाला समजावता येत नाही ते आपल्याला समजलेलंच नाही, असं सरांचं जन्मभराचं मत. ते इतकं पक्कं होतं, की ज्या गोष्टी मुलांना सहज समजावता येतात त्या सगळ्या खऱ्याच असतात, असंही ते धरून चालत. इथे मात्र ते खरंच होतं. तेवढ्यावर सरांनी बोर्ड घेतला असता तर मी ही गोष्ट सांगायला बसलो नसतो. पण पैसे देणार होती देवळाची समिती, आणि समिती म्हणजे च्वांग अध्यक्ष.

च्वांग अध्यक्ष वीजमंडळातून निवृत्त झाले होते. मंडळाने त्यांना सोडलं होतं, त्यांनी मंडळाला सोडलं नव्हतं. अजूनही ते कुणाशी बोलताना आधी त्याच्या डोक्यावरच्या वायरकडे बघत. देवळाच्या कोपऱ्यात स्वतःची इलेक्ट्रिक किटली, स्वतःचे चहाचे पेले आणि कमरेला मोजायची टेप. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते तशीच ती टेप, सेंटीमीटरच्या आकड्यांखाली शुभ लाल घरं आणि अशुभ काळी घरं, प्रत्येकात त्याचं फळ छापलेलं. फरक इतकाच, की बाकीचे लोक आकडे बघत आणि अध्यक्ष घरं बघत.

"बोर्ड केवढा?" त्यांनी विचारलं.

"साडेतीस सेंटीमीटर, लांबीला."

टेप खाटकन बाहेर आली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "साडेतीस. काळं घर. 'लूट'. ल्याओ सर, तुम्ही देवळात लूट आणताय?"

"अहो अध्यक्ष, सगळ्या जगात मोठा बोर्ड याच मापाचा असतो."

"म्हणूनच जगाची ही अवस्था आहे," अध्यक्ष म्हणाले. "मागे याच मापाचं कपाट आणलं होतं. दानपेटी फुटली की नाही?"

"ती ढोल पडून फुटली."

"ढोल का पडला?"

अध्यक्षांनी मग दुसराही नियम सांगितला: यंत्र देवाशेजारी राहणार, तेव्हा ते बसलेल्या देवाच्या खांद्याच्या वर जाता कामा नये. आणि हा देव मुळातच ठेंगणा. समितीने कौतुकाने मान डोलावली. सर पुन्हा बाजारात जाऊन सगळ्यांत लहान बोर्डाचं माप विचारून आले. सतरा. चौकोनी, जेमतेम वीतभर.

"सतरा... लाल!" अध्यक्ष खुलले. "'न्याय'! वा! आणि खाली बारीक अक्षरात..." त्यांनी टेप डोळ्यांशी नेली. "'घरात नवं मूल'."

"अगंबाई!" गाडीवरून तेंग काकू ओरडल्या. एका हातात उलथनं घेऊनही त्यांना देवळातलं सगळं ऐकू येई. "सूछिन, ऐकलंस का गं? तुझे सर बाळ आणतायत! या वयात!"

सरांची बायको सूछिन भाजी घेऊन चालली होती. ती थांबलीसुद्धा नाही. "आणू देत. सांभाळायचं त्यांनीच," म्हणाली आणि निघून गेली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण बोर्ड आला तेव्हा अध्यक्षांनी खोक्याचं माप मान्य केलं नाही. "खोकं मोजून काय उपयोग? नवरदेव बघायचा की त्याची गाडी?" तेव्हा भर समितीसमोर तेंग काकूंच्या सुरीने खोक्याचं सील कापण्यात आलं, बोर्ड बाहेर काढण्यात आला, चारी बाजूंनी मोजण्यात आला, आणि चारी बाजू लाल निघाल्यावर टाळ्या वाजल्या. सरांनीही वाजवल्या. बोर्डाचं वीज वाढण्याचं बळ किती आहे, हे कुठल्याही रंगाच्या घरात लिहिलेलं नव्हतं.

बोर्ड सरांनी स्वतः जोडला. पोरं भोवती श्वास रोखून उभी. बटण दाबलं. पडदा उजळला! पेईयूने पहिलं चित्र पक्कं करायला लावलं, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. दुसरं, तिसरं, दहावं. पोरांनी असा जल्लोष केला, की दर्शनाला आलेल्या एका आजोबांच्या हातून उदबत्त्या निसटल्या.

मग यंत्राचा पंखा घुमू लागला. आधी पंख्यासारखा, मग मिक्सरसारखा, मग विमान उतरतंय असा. आणि वेग मंदावला. मंदावत मंदावत असा खाली आला, की शेवटी जुनाच कॉम्प्युटर बरा होता असं म्हणायची पाळी आली. पाहुणा ताटावर थाप मारून "आणा!" म्हणतोय आणि वीतभर वाढपी घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दारातच बसकण मारतोय, असा सगळा प्रकार.

सर बोर्ड घेऊन पांगबाईंकडे गेले. लहानच पण जरा तब्येतीचा बोर्ड बदलून मिळेल का?

"मिळाला असता, सर. पण सील तोडलंय," पांगबाई म्हणाल्या. त्यांनी खोकं नाकाशी नेलं. "आणि याला मुळ्याच्या वड्यांचा वास येतोय. हा मी दुसऱ्या कुणाला कसा देऊ?"

आता सल्ले सुरू झाले. सल्ला ही अशी गोष्ट आहे, की मागायला गेलात तर एक मिळतो आणि मागितला नाही तर गल्लीभर मिळतात. तेंग काकू म्हणाल्या, यंत्राखाली बर्फाची पिशवी ठेवा. औषधवाल्याने सुचवलं, शरीरातली उष्णता शेवंतीच्या चहाने जाते; यंत्राचं त्याला ठाऊक नाही, पण सरांना देऊन बघायला हरकत नाही. शेवटी झाकण काढून शेजारी एक टेबलफॅन लावावा असं ठरलं, आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे, ते चाललं. चित्रं पुन्हा भराभर होऊ लागली. वाढप्याला दम मिळाला, पाहुण्याने आणखी मागितलं, टेबलफॅन फिरत राहिला, आणि नेमकं त्याच वेळी च्वांग अध्यक्षांनी चहासाठी किटली लावली.

खट्.

देवळात अंधार झाला. नुसता खोलीत झाला असता तर चाललं असतं. पण देवळाच्या भिंतीवर नावाच्या दिव्यांचा मनोरा होता: गल्लीतल्या प्रत्येक घराचा एकेक बारका विजेचा दिवा, वर्षभर तेवत राहावा, घराचं भाग्य उजळ राहावं म्हणून लावलेला. ते सगळेच्या सगळे विझले.

"माझ्या मुलाची परीक्षा आहे!" तेंग काकू उलथन्यासकट धावत आल्या. "त्याचा दिवा! सर, त्याचा दिवा गेला!"

च्वांग अध्यक्षांनी स्वतः जाऊन बटण वर केलं. दिवे लागले. पण गल्लीचं भाग्य मध्ये खंडित झालं ते झालंच, आणि गेल्या खेपेला नापास झालेल्या मुलांचे पालकसुद्धा सरांकडे अशा नजरेने बघू लागले, की त्या नापासाचं कारण आता सापडलं.

"किटली..." सर हळूच म्हणाले.

"किटली इथे तुमच्या यंत्राच्या आधीपासून आहे," अध्यक्ष म्हणाले. "तिच्याविरुद्ध आजवर एक तक्रार नाही."

समितीने ठरवलं, देवाला कौल लावायचा. अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देवाचा होकार, दोन्ही फुगीर तर नकार, आणि दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतोय, म्हणजे ना होकार ना नकार. मोठ्या कामाला होकार सलग तीनदा लागतो. अध्यक्षांनी सरांचं नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं रीतसर सांगितलं आणि विचारलं, "देवा, दिवे विझवणारं हे यंत्र इथे चालू ठेवावं का, बंद ठेवावं का, की देवळाबाहेर काढावं?"

तुकडे पडले. दोन्ही सपाट. देव हसला.

पुन्हा विचारलं. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसला.

"देवाला एवढं हसताना मी कधी पाहिलं नाही," तेंग काकू म्हणाल्या. "सर, तुमच्याकडेच बघून हसतोय."

सरांचे कान लाल झाले. आयुष्यभर त्यांनी कुणा मुलाला वर्गात हसू दिलं नव्हतं, म्हणजे दुसऱ्या मुलाला. आणि इथे खुद्द देव... "अध्यक्ष," ते म्हणाले, "एका प्रश्नात तीन प्रश्न विचारल्यावर कुणीही हसेल. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मीच रद्द केला असता."

"देवाची परीक्षा घ्यायला तुम्हाला कुणी बोलावलंय?" अध्यक्षांनी यंत्राला बंदीची लाल फीत बांधली आणि सर्वांदेखत गायिकांच्या ट्रकवाल्याला फोन लावला. यंत्र घरी न्यावं तर ते समितीच्या पैशांचं. देवाची वस्तू देवळाबाहेर नेली तर ती चोरी.

पोरं गुपचूप दप्तरं भरू लागली. पेईयू तेवढी हलली नाही. ती रडलीही नाही. तिने मुख्याध्यापकाच्या आवाजात, पण जरा हळू, विचारलं, "सर, मग मी आजीला काय सांगू? ती ताइतुंगहून यायला निघणार आहे. तिला गायिका आवडत नाहीत. ती फक्त आमचा चित्रपट बघायला येतेय."

मुलांच्या प्रश्नाला "उद्या सांगतो" असं म्हणणाऱ्या शिक्षकांचा त्यांना राग असे. "उद्या सांगतो," ते म्हणाले.

घरी जेवताना सूछिनने विचारलं, "भात वाढू?"

"नको. भूक नाही. भुकेचं नावसुद्धा काढू नकोस," सर म्हणाले. "सगळी त्या मेल्या प्रोसेसरची भूक आहे. कितीही वाढा, आणखी मागतो."

"मग त्याला बस म्हणून सांगा की."

"अगं, ते यंत्र आहे!"

"बरं. तो ह्वांगचा मुलगा तरी यंत्र नव्हता ना? शाळेच्या जेवणात तीन-तीनदा मागायचा, बाकीच्यांना उरायचं नाही. त्याचं तुम्ही काय केलं होतं?"

"त्याला लहान वाटी दिली."

"आणि?"

"आणि काय? दुपारी मैदानावर तसाच धावायचा. थोडा उशिरा दमायचा उलट..." बोलता बोलता सरांच्या चॉपस्टिक्स हवेतच थांबल्या. मग त्यांनी त्या ताटलीवर ठेवल्या आणि फोन उचलला.

"अहो, असतं की तसं सेटिंग!" पलीकडून पांगबाई म्हणाल्या. "प्रत्येक बोर्डात असतं. निम्म्या विजेवर बांधून टाका. थोडा हळू चालेल, फार नाही. बोर्डही तापायचा नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काय विचारलंत सर? बोर्ड केवढा आहे ते. मी तो केवढा आहे ते सांगितलं. पुढच्या खेपेला विचारलंत, बदलून मिळेल का. मी नाही म्हटलं."

सरांना यावर रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी समितीसमोर उभं राहून पाहुणा, वाढपी आणि लहान वाटी असं सगळं समजावून सांगितलं. औषधवाल्याला लगेच पटलं. तेंग काकूंनी विचारलं, लहान वाटी नेमकी किती लहान, त्यांच्या मुलाच्या दिव्यापुरती वीज उरेल ना? उरेल, सर म्हणाले. फक्त एक अट. आणि त्यांनी कौलाचा प्रश्न स्वतः मांडला: "निम्म्या विजेवर, आणि किटली बंद असताना, हे यंत्र इथे चालवलं तर चालेल का?"

"किटलीचा काय संबंध?" अध्यक्ष उसळले.

"संबंध आहे की नाही ते देवाला ठरवू द्या."

अध्यक्षांनी ओठ घट्ट मिटून तुकडे टाकले. एक सपाट, एक फुगीर. होकार! पोरांनी एकमेकांचे हात धरले. पुन्हा टाकले. पुन्हा होकार. तेंग काकूंच्या गाडीवर काहीतरी करपत होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

तिसऱ्यांदा तुकडे पडले. एक तिथेच थांबला, सपाट बाजू वर. दुसरा फरशीवर आपटला, उडाला, गोल गोल फिरत नैवेद्याच्या टेबलाखाली गेला आणि झालरीमागे दिसेनासा झाला.

आता सगळं त्या एका तुकड्यावर होतं. फुगीर बाजू वर असेल तर चित्रपट, सपाट असेल तर देव पुन्हा हसला आणि ट्रकवरच्या गायिका.

पेईयू वाकू लागली, तसा अध्यक्षांनी हात आडवा केला. "कौल अध्यक्षाने बघायचा असतो." आणि हा भारदस्त माणूस, कमरेची टेप सावरत, गुडघ्यांवर बसला आणि रांगत टेबलाखाली शिरला. तिथे, जमिनीलगत, व्याघ्रदेवाची जागा आहे. भूमिदेवाचं वाहन असलेला वाघोबा तो, पुढे कच्ची अंडी आणि मांसाचा तुकडा, आणि गल्लीतल्या आया पोरांच्या आजारपणात त्यालाच साकडं घालतात. बाहेरून आता फक्त अध्यक्षांच्या बुटांचे तळवे दिसत होते.

ते बराच वेळ हलले नाहीत.

"अध्यक्ष, सापडला का?" तेंग काकूंना राहवेना. "का वाघोबाने गिळला?"

टेबलाखालून आवाज आला, "होकार आहे."

एवढी आरडाओरड झाली, की अध्यक्ष दचकून उठले आणि त्यांचं डोकं टेबलाला लागलं. ते बाहेर आले, केसात कोळिष्टक, एका बाहीला अंड्याचा बलक. तुकडा त्यांच्या मुठीत होता.

"अहो, पण उचललात कशाला?" तेंग काकू म्हणाल्या. "आम्ही कुठे बघितला?"

"मी बघितला. अध्यक्ष मी आहे," ते म्हणाले, आणि कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता त्यांनी यंत्राची लाल फीत सोडली.

त्यानंतर देवाच्या वाढदिवसापर्यंत यंत्र शांतपणे, लहान वाटीत जेवत, काम करत राहिलं. अध्यक्ष घरून थर्मासमध्ये चहा आणत आणि कोमट झाला म्हणून कुरकुरत पीत. ट्रकवाल्याला त्यांनीच पुन्हा फोन करून नको सांगितलं, आणि बराच वेळ त्याच्या शिव्या खाल्ल्या.

वाढदिवसाच्या संध्याकाळी पडदा लागला. पहिला खेळ रिवाजाप्रमाणे एकट्या देवासाठी. समोरच्या खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्या खेळाला गल्ली लोटली. पेईयूची आजी पहिल्या रांगेत, मांडीवर ताइतुंगच्या सीताफळांची पिशवी. चित्रपटात एका जागी देवाची काठी नूडल्सच्या वाडग्यातून आरपार गेली. ती चूक होती, पण लोकांना तो चमत्कार वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी मात्र टाळ्या वाजवायचं विसरली होती. ती एका हाताने पेईयूचं मनगट घट्ट धरून पडद्याकडे बघत होती.

मागे, खांबापाशी, सर अध्यक्षांशेजारी उभे होते. त्यांनी जरा वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "अध्यक्ष, त्या दिवशी टेबलाखाली नक्की काय पडलं होतं?"

अध्यक्षांनी पडद्यावरची नजर काढली नाही. पडद्यावर सगळी गल्ली देवाची काठी शोधत धावत होती. त्यात कमरेला टेप लावलेला एक ठेंगणा माणूसही होता, आणि पोरं त्याच्याकडे बोट दाखवून हसत होती.

"फार अंधार होता, सर," ते म्हणाले.

थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "वाघोबा तिथेच असतो. त्याने पाहिलंय. त्याला विचारा हवं तर. पण तो लहान मुलांच्या बाजूचा. खरं सांगेल असं मला वाटत नाही."